कोरकू भाषेतील ‘आम्ही’ आणि ‘आपण’

धर्म लोकांच्या बोलीत सांगावा, हा विचार आपल्या भागाला नवा नाही. आपल्याच जिल्ह्यातील नर्सी हे ज्यांचे जन्मस्थान मानले जाते, त्या नामदेवांनी विठ्ठल मराठीतच आळविला. परंतु जिला स्वतःची लिपी नाही, ग्रंथांची परंपरा नाही, अशा भाषेत परका धर्मग्रंथ नेताना काय घडते? ते पाहावयाचे तर येथून उत्तरेस मेळघाटातील कोरकूंकडे वळले पाहिजे.

विल्यम केरीने बंगालमधील श्रीरामपूर येथे १८११ साली मराठी ‘नवा करार’ छापला, तेव्हा त्याच्या हाताशी वैजनाथ पंडित होते आणि पाठीशी कित्येक शतकांचे मराठी वाङ्मय होते. कोरकूत असा आधार नव्हता. ही भाषा मुंडा कुळातली. तिचे नाते संथाळीशी, मराठीशी नव्हे. १९०० च्या सुमारास मार्ककृत शुभवर्तमान कोरकूत छापले गेले आणि मिशनरी जॉन ड्रेक यांचे कोरकू व्याकरण १९०३ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाले.

आता अडचण कोठे येते ती पाहा. मार्कच्या चौथ्या अध्यायात तारू वादळात सापडते. येशू झोपलेला असतो. शिष्य त्याला उठवून विचारतात, की बुडण्याची वेळ आली तरी तुम्हांला काळजी कशी नाही? पण बुडणार कोण? ‘आम्ही’ की ‘आपण’? मूळ ग्रीकमध्ये हा भेदच नाही, इंग्रजीतही नाही. कोरकूत तो आहे. ऐकणाऱ्याला वगळले तर ‘आले’, त्याला धरून बोलले तर ‘अबुङ’. शिवाय दोघांपुरते बोलावयाचे तर आणखी दोन शब्द निराळे. ‘आले’ म्हटले, की येशू त्या संकटापलीकडचा ठरतो; ‘अबुङ’ म्हटले, की तोही शिष्यांबरोबर बुडणारा माणूस ठरतो. एवढा मोठा धर्मशास्त्रीय प्रश्न एका सर्वनामात दडलेला!

असा पेच शब्दकोशाने सुटत नाही. भाषांतरकाराला कोरकू माणसासमोर शिष्य होऊन बसावे लागते. धर्मप्रसाराचा हेतू कोणास रुचो वा न रुचो, जग ज्याला निरक्षर म्हणून हिणवते तोच येथे गुरू ठरतो, ही गोष्ट विसरता येत नाही.

२०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारांची संख्या सात लाखांहून अधिक भरली. त्यांच्या मुलांना शिकविताना आपणही मोठ्या आपुलकीने ‘आपण’ म्हणतो. त्या ‘आपण’मध्ये त्यांची भाषा धरलेली असते काय, याचे उत्तर मात्र आपल्यालाच द्यावयाचे आहे.