खडकाचं वय कसं कळतं? ऐतिहासिक भूविज्ञान सोप्या भाषेत

मुंबईहून पुण्याला जाताना घाटात काळ्या कातळाच्या आडव्या पायऱ्या दिसतात. काही ठिकाणी दोन कातळांच्या मधोमध विटेसारखा लाल पट्टाही दिसतो. हे काळे थर म्हणजे गोठलेला लाव्हा. लाल पट्टा म्हणजे एक उद्रेक थांबल्यावर आणि पुढचा सुरू होण्याआधी तयार झालेली माती. म्हणजे मधल्या काळात इथे बरीच वर्षं शांतता होती. खडक पाहून अशा घटनांचा क्रम लावायला शिकवणारा विषय म्हणजे ऐतिहासिक भूविज्ञान.

अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांत भूविज्ञानाची सुरुवात दोन विषयांनी होते. पहिल्यात खडक, भूकंप, ज्वालामुखी कसे काम करतात ते शिकवतात, तर दुसऱ्यात पृथ्वीचा इतिहास. हा दुसरा विषय म्हणजे 'हिस्टॉरिकल जिऑलॉजी'. भारतात बी.एस्सी.ला हाच भाग बराचसा स्तरविज्ञान आणि जीवाश्मविज्ञान या नावांनी येतो.

दोन वेगळे प्रश्न

या विषयात दोन प्रश्न सतत येतात. आधी काय घडलं आणि नंतर काय? हे झालं सापेक्ष वय. आणि नेमकं किती वर्षांपूर्वी घडलं? हे निरपेक्ष वय. नवीन विद्यार्थी बऱ्याचदा दोन्हींची गल्लत करतात. इतिहासात क्रम आधी लागला, आकडे खूप नंतर आले. अभ्यासही त्याच क्रमाने केला तर सोपा जातो.

क्रम लावण्याचे नियम

खालचा थर जुना : थर उलथापालथ झालेले नसतील, तर खालचा थर आधीचा. डेन्मार्कमध्ये जन्मलेले निकोलस स्टेनो यांनी 1669 मध्ये हा नियम मांडला.

थर मुळात आडवे : गाळ साचतो तो साधारण सपाट. थर तिरके किंवा वाकलेले दिसले, तर जमिनीची हालचाल त्यानंतर झाली.

कापणारं नंतरचं : खडकाला छेदून जाणारी भेग किंवा लाव्हाची भिंत त्या खडकापेक्षा नवीन. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर उल्कापाताने बेसाल्टमध्ये तयार झालं, म्हणून ते बेसाल्टपेक्षा नवीन. वेरूळची लेणीही याच नियमाने कातळापेक्षा नवीन ठरतात.

आतला तुकडा जुना : एका खडकात दुसऱ्याचे तुकडे अडकलेले असतील, तर ते तुकडे आधीचे.

जीवाश्मांचा क्रम ठरलेला : इंग्लंडमध्ये कालव्यांसाठी मोजणी करणारे विल्यम स्मिथ यांच्या लक्षात आलं, की ठरावीक थरांत ठरावीकच जीवाश्म सापडतात. त्यामुळे लांबलांबच्या गावांतले थर एकमेकांशी जुळवता आले. 1815 मध्ये त्यांनी इंग्लंड आणि वेल्सचा भूवैज्ञानिक नकाशा प्रसिद्ध केला.

गहाळ झालेला काळ

प्रत्येक काळाचे खडक प्रत्येक ठिकाणी मिळत नाहीत. कधी थर साचतच नाहीत, कधी साचलेले झिजून जातात. अशा खंडाला 'अनकन्फॉर्मिटी' म्हणतात.

स्कॉटलंडच्या सिकार पॉइंट इथे जेम्स हटन यांनी 1788 मध्ये असा खंड पाहिला. खाली जवळपास उभे थर आणि त्यांच्या झिजलेल्या टोकांवर आडवट लाल वालुकाश्म. खालचे थर साचणं, उभे होणं, झिजणं आणि त्यांवर पुन्हा गाळ साचणं, या सगळ्याला प्रचंड काळ लागला असणार, हे त्यांना जाणवलं.

असाच खंड दक्षिण कोकणातही आहे. तिथे कलादगी गटाचे खडक 54 कोटी वर्षांहून जुने आहेत आणि काही ठिकाणी त्यांच्यावर थेट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. म्हणजे दोन थरांच्या मधल्या एका रेषेत निदान 47 कोटी वर्षं गहाळ आहेत.

मग आकडे कुठून आले?

विसाव्या शतकात किरणोत्सारामुळे खडकांना आकडे मिळाले. काही अणू ठरावीक वेगाने दुसऱ्या अणूंमध्ये बदलत जातात. निम्मे अणू बदलायला लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. युरेनियम-238 चं अर्धायुष्य सुमारे 447 कोटी वर्षं आहे, तर पोटॅशियम-40 चं सुमारे 125 कोटी. मूळ अणू किती उरले आणि नवे किती तयार झाले, हे मोजलं की वय काढता येतं. क्लेअर पॅटरसन यांनी उल्कांमधलं शिसं मोजून 1956 मध्ये पृथ्वीचं वय सुमारे 455 कोटी वर्षं असल्याचं दाखवलं.

इथे दोन गैरसमज नेहमी होतात. पहिला, डायनासोरचं वय कार्बनने काढतात हा. कार्बन-14 चं अर्धायुष्य फक्त 5,730 वर्षं आहे. साधारण 50,000 वर्षांपलीकडे तो इतका कमी उरतो, की त्याचा उपयोग होत नाही.

दुसरा गैरसमज म्हणजे गाळाच्या खडकाचं वय थेट मोजता येतं. त्यातले कण आधीच्या खडकांतून आलेले असतात, त्यामुळे कणाचं वय म्हणजे थराचं वय नव्हे. त्यासाठी वर-खाली लाव्हा किंवा ज्वालामुखीची राख शोधतात. खालची राख 7 कोटी वर्षांची आणि वरची 6.8 कोटींची असेल, तर मधला थर या दोन काळांच्या दरम्यानचा.

आकडे सुधारतही राहतात. लोणारचं वय आधी सुमारे 50 हजार वर्षं मानलं जात होतं. 2011 मध्ये आर्गॉन पद्धतीने ते सुमारे 5.7 लाख वर्षं निघालं. आकडा दहा पटींहून जास्त बदलला, पण आधी बेसाल्ट, मग विवर हा क्रम तसाच राहिला.

सह्याद्री आणि डायनासोर

दख्खनचा लाव्हा आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्यातल्या थरांच्या गटांना इगतपुरी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, महाबळेश्वर अशी नावं आहेत. यातला बहुतेक लाव्हा दहा लाखांहून कमी वर्षांत बाहेर आला. त्याच सुमारास डायनासोर संपले आणि मेक्सिकोत चिक्सुलुब इथे मोठा अशनी आदळला.

डायनासोर अशनीमुळे संपले, की दख्खनच्या ज्वालामुखीचाही त्यात हात होता? उत्तरासाठी आधी काय घडलं ते कळायला हवं. पण मेक्सिकोतलं विवर आणि सह्याद्री एकमेकांवर रचलेले नाहीत. त्यामुळे वर-खालचा नियम लागू होत नाही आणि क्रम आकड्यांवरूनच लावावा लागतो.

2019 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दोन पथकांचे अभ्यास आले. एकाने लाव्हातल्या खनिजांचं वय आर्गॉन पद्धतीने काढलं. त्यानुसार बराचसा लाव्हा अशनी आदळल्यानंतर आला. दुसऱ्याने थरांच्या मधल्या लाल पट्ट्यांतले झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक मोजले. त्यानुसार एक मोठा उद्रेक अशनीच्या हजारो वर्षं आधी सुरू झाला होता. अशनी हे मुख्य कारण, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. ज्वालामुखीचा वाटा किती, यावर वाद सुरू आहे.

अभ्यास कसा करावा?

कालखंडांची यादी नुसती पाठ करण्यापेक्षा सीमा का आहेत ते पाहावं. पॅलिओझोइक महाकल्प सुमारे 25.2 कोटी वर्षांपूर्वी संपला, कारण तेव्हा ज्ञात इतिहासातला सर्वात मोठा जीवसंहार झाला. मेसोझोइक 6.6 कोटी वर्षांपूर्वी डायनासोरांसोबत संपला. त्यानंतर सुरू झालेला सिनोझोइक आजही चालू आहे.

परीक्षेत थरांची आकृती देऊन घटनांचा क्रम विचारला, तर सर्वात खालच्या थरापासून सुरुवात करावी, कापणाऱ्या भेगा नंतर लावाव्यात आणि झिजेच्या रेषा विसरू नयेत. घाटातल्या काळ्या थरांमधला लाल पट्टा वाचायलाही हीच पद्धत पुरते.