आल : खानदेशच्या मातीतला विसरलेला लाल रंग

१/ 'नोनी'च्या बाटलीवर 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द ठळक छापलेला असतो. मोरिंडा सिट्रिफोलिया या झाडाचे हे फळ. आपल्याकडे मात्र हे झाड शतकानुशतके 'आल' म्हणून परिचित होते, आणि त्याचे मोल फळात नव्हे, मुळात होते.

२/ खानदेश, वऱ्हाड, निमाड व माळव्याच्या काळ्या जमिनीत आल मुद्दाम लावली जाई. सुमारे तीन वर्षांनी जमीन खोल खणून मुळे काढीत. बारीक मुळांच्या सालीत रंग अधिक. मूळ जाड व जून झाले की तो ओसरे. 'आलवण' हा शब्द या आलेचाच. विधवांच्या वाट्याला आलेल्या तांबड्या वस्त्राचेही तेच नाव.

३/ कापडाला आधी तेल, मग तुरटी आणि शेवटी आलेचा काढा, हा रंगाऱ्यांचा क्रम. तुरटीतील ॲल्युमिनियम रंगाला धाग्याशी बांधून ठेवते.

४/ इ.स. १८४८ च्या सुमारास ही मुळे 'सूरंजी' या नावाने ग्लासगोला पोहोचली. तिथल्या नामांकित छपाईदारांनी नेहमीच्या पद्धतीने प्रयोग केले आणि 'हा रंगच नव्हे' असा निर्वाळा दिला. रसायनज्ञ थॉमस अँडरसन यांनी तेलाची प्रक्रिया केलेले कापड घेतले, तेव्हा रंग धरला! मुळातील द्रव्याला त्यांनी 'मोरिंडिन' हे नाव दिले. रंगाऱ्यांच्या तेलाचे मर्म प्रयोगशाळेला असे उशिरा उमगले.

५/ १८६८ मध्ये ग्रेबे व लीबरमान यांनी ॲलिझरिन हा लाल रंग कृत्रिमरीत्या घडवला. कारखान्यातील या स्वस्त रंगापुढे तीन वर्षे थांबणारे पीक टिकेना. शेती गेली आणि तिच्यासोबत रंगाऱ्यांची विद्याही.

६/ आलेतील मोरिंडोन हे अँथ्राक्विनोन वर्गातील संयुग. त्यावरील हायड्रॉक्सिल गट ॲल्युमिनियमला धरतात. असेच गट मुक्त मूलकांना हायड्रोजन देऊन शांतही करू शकतात. फळात स्कोपोलेटिन, रुटिन अशी निराळी फिनॉलिक संयुगे आहेत.

७/ परंतु परीक्षानळीतील गुण म्हणजे औषध नव्हे. युरोपीय वैज्ञानिक समितीने २००२ मध्ये नोनीचा रस पिण्यास मान्य ठरवला. मात्र इतर फळांच्या रसांहून त्याचे विशेष लाभ असल्याचा पुरावा तिला आढळला नाही. आलेचा रंग कापडावर सिद्ध झाला होता. बाटलीवरच्या दाव्यालाही तीच कसोटी हवी.