रस्त्यावरचे मीठ आणि गाडीखालचे लोखंड

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा मिशिगनमधली पानगळ सरत आलेली असेल. थोड्याच दिवसांत बर्फ पडेल आणि रस्त्यांवर मीठही पडेल. आपण जाकिटे बाहेर काढू, हिवाळी टायर चढवू. पण गाडीखाली वाकून पाहणारे आपल्यात किती? तिथे सस्पेन्शन असते, म्हणजे स्प्रिंगा, दांडे, सांधे आणि शॉक ॲब्झॉर्बर. सगळ्या गाडीचा भार त्यांच्यावर. त्यांना गंजापासून आणि उडणाऱ्या खड्यांपासून वाचवण्याच्या खटपटीला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो थोडक्यात सांगतो, कारण येत्या हिवाळ्यात तो उपयोगी पडेल.

मोटारीची पहिली स्प्रिंग घोडागाडीकडून आली. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. आपल्याकडचे ट्रकवाले त्यांना ‘पाटे’ म्हणतात. गाडी हादरली की हे पाटे एकमेकांवर सरकतात. मध्ये पाणी आणि माती शिरली की ते गंजतात, करकरतात आणि पुढे ताठ होतात. म्हणून पाट्यांच्या मध्ये ग्रीस भरत. 1920-30 च्या दशकांत इंग्लंडमध्ये पाट्यांवर चामड्याची आवरणे चढवून ती बुटासारखी नाडीने बांधत. बैलगाडीच्या कण्याला वंगण घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यात नवे काही वाटले नसते.

सांध्यांनाही वरचेवर ग्रीस लागे. त्यासाठी ऑस्कर झर्क यांनी सुधारलेली छोटी निपल अमेरिकेत इतकी रुळली की इथले मेकॅनिक आजही तिला ‘झर्क’ म्हणतात. नवे ग्रीस आत गेले की जुने बाहेर पडे आणि त्याबरोबर पाणी व कचही निघून जाई. शिवाय दर खेपेला कोणाची तरी नजर गाडीच्या पोटाखाली फिरे. हा दुसरा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो.

मग आले मीठ. न्यू हॅम्पशायर राज्याने 1938 मध्ये बर्फाळ रस्त्यांवर मीठ टाकण्याचे प्रयोग सुरू केले. 1941-42 च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या महामार्गांवर एकूण सुमारे 5,000 टन मीठ पडले. युद्धानंतर मोटारी वाढल्या, महामार्ग वाढले आणि रस्ता हिवाळ्यातही काळा दिसलाच पाहिजे अशी लोकांची अपेक्षा झाली. 1970 च्या दशकात हा आकडा वर्षाला सुमारे 1 कोटी टनांवर गेला. खुद्द डेट्रॉइट शहराच्या पोटात, सुमारे 1,100 फूट खाली, मिठाची खाण आहे. म्हणजे ज्या शहराने जगाला मोटारी दिल्या, त्याच शहराखालून त्या गंजवणारे मीठही निघते!

मीठ नेमके काय करते? खारे पाणी वीज चांगली वाहते, त्यामुळे गंजण्याची क्रिया वेगाने होते. मिठातले क्लोराइड लोखंडावरचा नैसर्गिक पातळ थर फोडते. आणि मीठ हवेतला दमटपणा धरून ठेवते, म्हणून धातू नीट सुकतच नाही. कोकणातल्या घराच्या खिडकीचे गज देशावरच्या गजांपेक्षा लवकर का गंजतात, याचे उत्तर हेच. तिथे मीठ समुद्रावरून येते, इथे ट्रकमधून.

नेमके याच काळात, 1960 च्या सुमारास, कारखान्यातच ग्रीस भरून रबरी टोपीखाली बंद केलेले सांधे आले. वरचेवर ग्रीस भरण्याची कटकट गेली. पण मीठ वाढत असतानाच गाडीखाली फिरणारी नजरही गेली.

पाट्यांच्या जागी बहुतेक मोटारींत गुंडाळी स्प्रिंग आली. तिचे दुखणे वेगळे. चाकाने उडवलेला खडा रंगाचा टवका काढतो, तिथे मीठ बसते आणि बारीक खड्डा पडतो. दर हिसक्याला त्या खड्ड्यातून तडा पुढे सरकतो आणि एक दिवस स्प्रिंग तुटते. तुटलेले टोक टायरही फाडू शकते. बहुधा खालचा वेढाच तुटतो, कारण तो ज्या वाटीत बसतो तिथे वाळू आणि मीठ साचते.

उपायही याच भागात शोधले गेले. जनरल मोटर्सचे जॉन आल्मेन यांनी बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करून स्प्रिंगचा पृष्ठभाग तड्यांविरुद्ध बळकट करण्याची पद्धत शास्त्रशुद्ध केली. 1959 मध्ये डेट्रॉइटमध्ये कुर्ट झीबार्ट यांनी गाडीच्या पोकळ भागांत गंजरोधक फवारण्याचा धंदा सुरू केला. 1960 च्या दशकात फोर्डने विजेच्या साहाय्याने कानाकोपऱ्यात रंग पोचवण्याची पद्धत आणली. तरीही 2010 मध्ये फोर्डलाच विंडस्टार व्हॅन, जिथे मीठ टाकतात त्या राज्यांतून, परत बोलवाव्या लागल्या, कारण मागचा आस गंजून तुटत होता. पत्र्याचे आयुष्य वाढले. पण हलणाऱ्या आणि खडे झेलणाऱ्या भागांची काळजी कारखान्यात एकदाच घेऊन भागत नाही.

म्हणून विनंती अशी. हिवाळ्यात तापमान शून्याच्या वर गेले की गाडी खालून धुवून घ्या. मार्च-एप्रिलमध्ये तर नक्कीच. मीठ लागलेली गाडी उबदार गॅरेजमध्ये ठेवली तर गंज वाढतो, हेही ध्यानात असू द्या. ऑइल बदलायला गाडी वर चढवली की मेकॅनिकला दोनच गोष्टी दाखवायला सांगा: सांध्यांच्या रबरी टोप्या फाटल्या आहेत का, आणि स्प्रिंगचा खालचा वेढा कसा आहे. हिवाळ्याआधी मेणाचा किंवा लॅनोलिनचा थर देता येतो. मात्र तो ब्रेकवर उडू देऊ नका. काळे ऑइल मारण्याची आपल्याकडची जुनी युक्ती इथे नको. त्याने रबर फुगते आणि ते गळून जमिनीत जाते.

आणि दरवर्षी भारतातून शिकायला येणारी आपली मुले स्वस्तातली जुनी गाडी घेतात, तेव्हा वरचा रंग पाहून भुलतात. त्यांच्याबरोबर जा, टॉर्च घ्या आणि पैसे देण्याआधी गाडीखाली पाहा. त्या मुलांना मीठ माहीत आहे. पण ते रस्त्यावर टाकतात, हे बहुतेकांना इथे आल्यावरच कळते.