सिल्व्हरटोन १४४८

सिल्व्हरटोन १४४८ : अमेरिकेतील सिअर्स, रोबक कंपनीने १९६२ मध्ये बाजारात आणलेली स्वस्त इलेक्ट्रिक गिटार. सिल्व्हरटोन हे सिअर्सचे विक्रीनाम. प्रत्यक्ष घडण नेथन डॅनियल यांच्या न्यू जर्सीतील डॅनइलेक्ट्रो कारखान्यात होई. हिची खरी नवलाई पेटीत होती. गिटार ठेवायच्या पेटीतच व्हॉल्व्हचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि ५ इंची स्पीकर बसवलेला असे; पेटी उघडून उभी करायची, वायर जोडायची की वादन सुरू. सारे मिळून किंमत सुमारे ६८ डॉलर, म्हणजे नवशिक्यांच्या आवाक्यातली.

काटकसर अंगोपांगी दिसते. लाकडी चौकटीवर पुढून-मागून हार्डबोर्ड, आत पोकळी, कडांवर व्हिनाइलची पट्टी. तारांची कंपने टिपणाऱ्या पिकअपचे चुंबक व तारेचे वेटोळे चक्क लिपस्टिकच्या धातूच्या नळीत बसवलेले. तरी आवाज स्वच्छ, खणखणीत. आजही चाहते त्यासाठीच ती शोधतात. अ‍ॅम्प्लिफायर मात्र तोकडाच, ड्रमपुढे त्याचा निभाव लागत नाही. १४४९ या भावंडात दोन पिकअप व ८ इंची स्पीकर होता.

१९६६ मध्ये डॅनइलेक्ट्रो एमसीए या कंपनीने विकत घेतली. १९६९ मध्ये कारखाना बंद पडला. जुना अ‍ॅम्प्लिफायर अमेरिकी विजेसाठी बनलेला असल्याने भारतातील २३० व्होल्टला थेट जोडू नये.