पाळीव प्राण्यांचा सांभाळ : साहाय्य व पर्याय

आजारपण, बदली, उत्पन्नाचा ऱ्हास, वार्धक्य, भाड्याच्या जागेतील निर्बंध अथवा प्राण्याच्याच वर्तनातील बिघाड, अशा कारणांनी ज्या मालकास आपल्या कुत्र्याचा, मांजराचा वा अन्य प्राण्याचा सांभाळ दुर्वह होतो, त्याच्यासाठी असलेली वैद्यकीय, कायदेशीर व संस्थात्मक तजवीज.

मुंबईत १८३२ साली सरकारी हुकमाने कुत्री मारली जाऊ लागली, तेव्हा पारशी समाजाच्या पुढाकाराने मोठा दंगा उसळला. आणि १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई प्रभृतींच्या औदार्याने निराधार जनावरांसाठी जी पांजरापोळ स्थापन झाली, ती आजही भुलेश्वर परिसरात उभी आहे. १८७४ मध्ये प्राणिक्रौर्यप्रतिबंधक संस्था निघाली व पुढे परळ येथे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाने पशुरुग्णालय सुरू झाले. पांजरापोळ प्राण्यास आसरा देते. रुग्णालय त्यास बरे करून मालकाच्या घरी परत धाडते. दुसऱ्या मार्गाचे महत्त्व लंडनमध्ये मारिया डिकिन यांनी ओळखले आणि १९१७ साली व्हाइटचॅपेल या दरिद्री वस्तीतील एका तळघरात गरिबांच्या जनावरांसाठी मोफत दवाखाना उघडला. मालकास आधार मिळाला, तर प्राण्याचे घर टिकते, हे या सेवेमागील तत्त्व होय.

भारतात १९६० च्या प्राणिक्रौर्यप्रतिबंधक अधिनियमाच्या ११ व्या कलमान्वये, उपासमारीने वा तहानेने वेदना होण्याचा संभव असताना वाजवी कारणावाचून प्राणी सोडून देणे हा अपराध आहे; तथापि पहिल्या अपराधाचा दंड १० ते ५० रुपये इतका अल्प असल्याने केवळ शिक्षेच्या धाकाने परित्याग थांबत नाही. गृहनिर्माण संस्थांनी बहुमताच्या ठरावानेही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालू नये, अशी भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची मार्गदर्शक सूचना आहे. प्राणी काढून टाकण्याचा तगादा लागलेल्या कुटुंबाने ती संस्थेच्या निदर्शनास आणावी.

अडचणीत प्रथम कारण शोधावे. ठरलेली जागा सोडून लघवी करणारे मांजर किंवा एकाएकी चावरा झालेला कुत्रा पुष्कळदा दुखण्याने पीडित असतो, व उपचाराने पूर्ववत होतो. खर्च झेपत नसल्यास पशुवैद्यास आर्थिक स्थिती आरंभीच सांगावी. शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने, परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे रुग्णालय व धर्मादाय संस्था येथे अल्प दरात उपचार मिळू शकतात. नसबंदी वेळेवर करून घेतल्यास अनपेक्षित पिल्लांचा भार टळतो. अडचण तात्पुरती असेल, तर आप्तांकडे, परिचितांकडे किंवा प्राणिसेवी कुटुंबाकडे ठरावीक मुदतीपुरता सांभाळ सोपवावा.

कायमचा वियोग अटळच झाल्यास नवे घर मालकाने स्वतः पाहावे, आणि लसीकरणाचा दाखला, आहार, सवयी व स्वभावातील दोष यांची माहिती काहीही न लपवता द्यावी. निवाराघर हा त्यानंतरचा पर्याय. तेथे गर्दीमुळे संसर्ग फैलावतो, व घरात वाढलेल्या प्राण्यास बंदिस्त जीवन फार जड जाते. घरच्या प्राण्यास रस्त्यावर सोडणे हा पर्यायच नव्हे, कारण अन्न शोधणे, वाहने चुकविणे व रस्त्यावरील कुत्र्यांच्या हद्दी ओळखणे त्यास ठाऊक नसते. म्हणून नगरपालिका, पशुवैद्य व धर्मादाय संस्था यांनी अडचणीतील मालकास, त्याची निर्भर्त्सना न करता, प्राणी घराबाहेर पडण्यापूर्वीच साहाय्य देणे, हा प्राणिकल्याणाचा सर्वांत मानवी व सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो.