गाभण गाईचा आहार आणि वासराच्या आतड्याची वाढ

वासराला हगवण लागली की आपण दूध, पाणी आणि गोठ्याची स्वच्छता तपासतो. ते आवश्यकच आहे. पण वासराचे आतडे किती सक्षम असेल, हे बऱ्याच अंशी गाय गाभण असतानाच्या आहारावर ठरते.

हिंजवडीला लागून असलेल्या मारुंजीसारख्या गावांत वैरणीच्या जमिनीवर इमारती उभ्या राहत आहेत. चारा विकत घ्यावा लागतो. मग चांगला चारा दुभत्या गाईला आणि उरलासुरला आटवलेल्या गाईला, अशी वाटणी होते. वासराचे नुकसान इथेच सुरू होते.

गर्भावर होणारा परिणाम

गाईचा गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा असतो. वासराच्या जन्मवजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वाढ शेवटच्या ३ महिन्यांत होते. लहान आतड्याच्या आतील रसांकुर अन्नघटक शोषून घेतात. गाभणकाळात आहार अपुरा पडल्यास पिल्लाच्या लहान आतड्याचे वजन आणि त्यातील रक्तवाहिन्यांची वाढ यांत फरक पडतो, असे मेंढ्या व गाईंवरील संशोधनात आढळले आहे.

आतड्याचे अस्तर निरोगी राहण्यासाठी जीवनसत्त्व अ लागते. ते गाईला हिरव्या चाऱ्यातून मिळते. नुसत्या कडब्यावर ठेवलेल्या गाईच्या चिकात ते कमी उतरते.

चीक हा आईच्या आहाराचाच भाग

गाईच्या वारेतून रोगप्रतिकारक प्रतिपिंडे वासराला मिळत नाहीत. ती फक्त चिकातून मिळतात. चिकातील वाढीचे घटक रसांकुरांच्या वाढीलाही मदत करतात. प्रतिपिंडे शोषण्याची आतड्याची क्षमता जन्मानंतर तासागणिक घटते आणि सुमारे २४ तासांत संपते. म्हणून वजनाच्या १० टक्के चीक, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर, पहिल्या दिवशी पाजा. त्यातला निम्मा पहिल्या १ ते २ तासांत आणि उरलेला १२ तासांच्या आत द्या.

आटवलेल्या गाईचा आहार

विण्याच्या ६० दिवस आधी गाय आटवा. सुमारे ४०० किलो वजनाच्या गाईला रोज द्यावयाचा आहार:

- हिरवा चारा १५ ते २० किलो: मका किंवा संकरित नेपियर. राहुरी कृषी विद्यापीठाचा फुले जयवंत हा नेपियरचा वाण बांधावरही लावता येतो.
- कडबा कुट्टी ५ ते ६ किलो.
- खुराक २ ते ३ किलो. एकदम न देता हळूहळू वाढवा.
- खनिज मिश्रण ५० ग्रॅम. शेवटच्या ३ आठवड्यांत कॅल्शियमचे प्रमाण पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरवा. या काळात जास्त कॅल्शियम दिल्यास विल्यानंतर दुग्धज्वराचा धोका वाढतो.

हे टाळा

- केवळ उसाचे वाढे: त्यातील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते.
- बुरशी आलेला चारा किंवा मूरघास.
- मेस-हॉटेलचे उरलेले अन्न: भात-चपाती जास्त झाल्यास कोठीपोटात आम्लता वाढते.
- उन्हाचा ताण: शेवटच्या टप्प्यात उष्णता सोसलेल्या गाईंची वासरे चिकातील प्रतिपिंडे कमी शोषतात. सावली आणि भरपूर पाणी द्या.
- लठ्ठपणा: विताना शरीराचा गुणांक ५ पैकी ३ ते ३.५ असावा.

तपासणी कशी करावी?

द्राक्ष बागायतदार गोडी मोजायला वापरतात त्या ब्रिक्स मीटरवर चिकाचा थेंब टाका. २२ किंवा जास्त आकडा आल्यास चीक चांगला समजावा. कमी आल्यास दुसऱ्या निरोगी गाईचा चांगला चीक पाजा.

विस्तार कार्यकर्त्यांनी वासरांच्या हगवणीची नोंद घेताना एक प्रश्न जरूर विचारावा: शेवटचे २ महिने या वासराच्या आईला काय खायला मिळाले? एकाच गोठ्यात वासरे वारंवार आजारी पडत असतील, तर औषधोपचारासोबत आटवलेल्या गाईंची दावणही तपासा.