प्राचीन वास्तूंचे आद्य छायाचित्रण आणि वैनगंगेचे खोरे

प्राचीन वास्तूंच्या अभ्यासात छायाचित्र हे रेखाचित्रापेक्षा अधिक विश्वसनीय साधन मानले जाते. ही विश्वसनीयता कशावर अवलंबून असते आणि तिची मर्यादा कोणती, हे छायाचित्रणाच्या आरंभकाळाकडे पाहिल्यास स्पष्ट होते.

मॅक्सिम द्यू काँ या फ्रेंच लेखकाने १८४९ ते १८५१ या काळात ईजिप्त व पश्चिम आशियाचा प्रवास केला आणि कागदी निगेटिव्हांवरून सिद्ध केलेल्या १२५ छायाचित्रांचा संग्रह १८५२ मध्ये प्रसिद्ध केला. अनेक छायाचित्रांत त्याने नौकेवरील खलाशी हाजी इस्माईल यास वास्तूलगत उभे केले, ते तिचे प्रमाण कळावे म्हणून. अबू सिंबेलच्या राजमूर्ती तेव्हा अंशतः वाळूत गाडलेल्या होत्या. पुढे अस्वानच्या धरणामुळे ही देवालये १९६४ ते १९६८ या काळात कापून सुमारे ६५ मीटर उंचावर हलविण्यात आली. मूळ स्थळाचा पुरावा म्हणून जुन्या छायाचित्रांचे मोल त्यामुळे वाढले.

महाराष्ट्रात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. त्याने रंगविलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. त्याने घेतलेली ७४ छायाचित्रे मात्र जेम्स फर्ग्युसनच्या १८६४ मधील ग्रंथामुळे टिकली. वर्ण गेले, आकार राहिला.

भंडारा जिल्ह्यातील पवनी या साधनाची दुसरी मर्यादा दाखविते. येथील स्तूपांचे अवशेष, कठड्याचे स्तंभ व ब्राह्मी लेख १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या संयुक्त उत्खननात प्रकाशात आले. एकोणिसाव्या शतकातील कॅमेऱ्यास तेथे केवळ जगन्नाथ टेकडीच दिसली असती.

पवनीनजीक वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि कालांतराने अनेक गावे विस्थापित झाली. गाव नव्या जागी वसविता येते. परंतु देवळाचे नदीशी, घाटाशी व शिवाराशी असलेले नाते उचलून नेता येत नाही. अशा स्थळाच्या छायाचित्रासोबत दिशा, मापे आणि तेथील लोकांच्या तोंडी असलेली स्थलनामे नोंदविली गेली, तरच ते पुढील अभ्यासकास पुरावा म्हणून उपयोगी पडते. एरवी ते निव्वळ आठवण ठरते.